निळ्या टोपीची शर्त आणि देवनहळ्ळीची फत्ते

श्री. ज्या देवास चेंडू गोल करता येत होता आणि ज्याने तो मुद्दाम लांबट केला, त्या देवास प्रथम नमन. मग तो चेंडू हाती घेऊन पुढे धावावे, परंतु दुसऱ्यास देताना मागेच द्यावा, ऐसा उफराटा कायदा ज्याने बांधिला त्या आद्य पुरुषास नमन. मग बेंगळुरू शहरास नमन, जेथे कोणीही कोठेही वेळेवर पोचत नाही आणि तरी सर्व कार्ये सिद्धीस जातात. राजश्री देवाप्पा यांचा हुकूम जाहला की देवनहळ्ळीच्या स्वारीची हकीकत साफ लिहून काढावी, कारण राजश्री गुंडो ती दर खेपेस वाढवून सांगतात आणि गेल्या आठवड्यात त्यांच्या सांगण्यात हत्ती आला. हुकूम शिरसावंद्य मानून जैसे घडले तैसे लिहिले आहे. लिहिणारी कैलासवासी रघुपतीरावांची कन्या निवेदिता. परंतु बखर लिहिणाराने आपलेच घोडे पुढे दामटू नये हा जुना दस्तूर, सबब या कागदी तीस नुसते कन्या म्हटले आहे.

ते दिवशी शनिवार होता आणि विशेष काहीच नव्हते. रघुपतीराव, कन्येचे अण्णा, राष्ट्रीय रग्बी संघाचे माजी शिलेदार, साठी उलटून स्वल्प काळ लोटलेला, सकाळची फेरी करून बेंगळुरातील शिवाजीनगरच्या घरी परतले. हाती कोथिंबिरीची जुडी आणि बगलेत चेंडू. उंबरठ्यावर बूट काढिता काढिता नित्याप्रमाणे पुकार केली, "निवे, आहेस का गं?" कन्या खिडकीशी खुर्चीत पुस्तक घेऊन बसली होती. तिने मान वर न करिता खुर्चीच्या हातावर बोटाने दोन टिचक्या मारिल्या. रघुपतीरावांनी टिचक्या ऐकिल्या, आपणच आपणांस जबाब दिला, "आहे म्हणे," आणि आत गेले. हा रिवाज कन्या शाळेत होती तेव्हापासूनचा. कन्येचे वाचन अफाट, बोलणे थोडके, आणि तिने मोठ्याने काही म्हटल्याचे घरात कोणाच्या ऐकिवात नव्हते.

मग पितापुत्रीची कवायत जाहली. रघुपतीराव चेंडू घेऊन दारापासून स्वयंपाकघराच्या दिशेने दौडत आणि मागे न पाहता चेंडू मागे फेकीत, आणि कन्या तो झेलीत असे. चेंडू हुकला तर त्याचा गोळा कन्येच्या मातोश्री अनुसूयाबाई यांच्या भांड्यांच्या मांडणीवर पडे आणि मग त्या बाजूने जो मारा सुरू होई त्यापुढे कोणाचा टिकाव लागत नसे. खोली लहान, कन्येची जागा ठरलेली, सबब हाक देण्याचे कारण कधी पडले नाही. रघुपतीराव इतकेच म्हणत, "मागं बघायचं नाही. मागं माणूस आहे म्हणून धावायचं."

आता संघाची पूर्वपीठिका लिहिणे जरूर आहे. या देशी क्रिकेटची पातशाही, आणि तिच्या सावलीत राष्ट्रीय रग्बी संघाचे संस्थान एवढेसे. लष्करातले काही जवान, कलकत्त्याचे काही, मुंबईचे काही आणि बेंगळुरूचे चौघे मिळून फौज उभी राहिली. त्या चौघांत पहिले देवाप्पा, प्रॉप, म्हणजे स्क्रमचा खांब. स्क्रम म्हणजे आठ असामी इकडचे व आठ तिकडचे एकमेकांत डोकी खुपसून रेटारेटी करितात ते. देवाप्पांचा देह ऐसा की ऑटोवाले त्यांस दुरून पाहूनच "बरोल्ला" म्हणत, येणार नाही म्हणत, आणि पळत. दुसरे गुंडो, स्क्रम-हाफ, म्हणजे त्या रेटारेटीच्या पायांतून चेंडू उपसून काढणारे. उंची थोडी, जीभ लांब. शिवाजीनगरात चष्म्यांचे दुकान, परंतु खेळताना चष्मा उतरावा लागे, म्हणून माणसे कपड्यांच्या रंगावरून ओळखीत. तिसरे जितेंद्रराव, विंगर, कडेकडेने दौडणारे. पुण्याहून सरकारी कारखान्यात इंजिनियर होऊन आले. पूर्वी वाऱ्यासारखे धावत, हल्ली वारा सुटला की कानास रुमाल बांधतात. चौथे खासे रघुपतीराव, हूकर. स्क्रमच्या ऐन मध्ये दोन खांबांच्या गळ्यांत हात अडकवून लोंबकळावे आणि पायाने चेंडू मागे ओढावा, हे त्यांचे काम. त्यांच्या पाठीवर दोनचा आकडा असे. एका लग्नात मावसोबांनी पुसले की राष्ट्रीय संघात म्हणे, मग बॅटिंग कितव्या नंबरास. रघुपतीराव म्हणाले, दोन नंबरास. मावसोबा फार प्रसन्न जाहले आणि त्यांनी ताटातला जास्तीचा लाडू वाढून दिला.

पहिली मोठी स्वारी समुद्रापलीकडील एका बेटावर जाहली. प्रत्येकास मानाची निळी मखमली टोपी मिळाली, तीस सोनेरी गोंडा. पुढे हार होवो की जीत, मैदानात पाऊल टाकिले की टोपी मिळते, हा या खेळाचा मोठेपणा. आणि हार जाहली. ती ऐसी की फलक लिहिणारा गृहस्थ मध्येच जागा संपली म्हणून खडू खाली ठेवून बसला. कारण पाहता असे दिसून आले की चेंडू घेऊन धावणाऱ्यास पाठीस डोळे नसतात. मागून येणाऱ्याने ओरडून आपला ठिकाणा कळवावा लागतो. आणि आमच्या फौजेत बंगाली बंगालीत ओरडे, जवान पंजाबीत ओरडे, देवाप्पा कन्नडात ओरडत, आणि धावणारा मध्येच उभा राहून विचार करी. तो विचार करीत असता पाच असामी त्याच्या अंगावर पडत. रात्री मसलत बसली. सर्वांस एकच शब्द असावा ऐसे ठरले. कोणता शब्द यावर तंटा जाहला. शेवटी रघुपतीरावांनी फर्मावले की शब्द "आहे." त्यांस कोणी पुसले, हाच का. ते म्हणाले, दिवसभर डोके चेंगरल्याने दुसरी भाषा आठवत नाही.

मग पुढील स्वारीत कलकत्तेकर, जवान, मुंबईकर आणि सर्वजण "आहे, आहे" म्हणत गनिमाच्या मुलखात घुसले. गनिमास वाटले हे यांच्या कुलदैवताचे नाव, आणि एवढ्या वेळा घेतात तर दैवत जागृत असावे, आणि त्यांची हिंमत खचली, आणि आमचा संघ एका ट्रायने जिंकला. ट्राय म्हणजे गनिमाच्या हद्दीत जाऊन चेंडू भूमीस टेकविणे. ही हकीकत गुंडोंच्या तोंडची आहे. परंतु ती देवाप्पांनी कधी खोडली नाही, सबब ठेविली आहे.

पुढे चौघांची कारकीर्द संपली, गुडघे बोलू लागले, आणि टोपी रघुपतीरावांच्या घरी शोकेसात, आकार मोडू नये म्हणून उपड्या स्टीलच्या लोट्यावर विराजमान जाहली. खेळ मात्र सुटला नाही. मारतहळ्ळीच्या कचेऱ्यांतील काही जवान हा खेळ खेळत, त्यांचा सेनापती कार्तिक, जितेंद्ररावांचा चिरंजीव. त्यांच्याशी चार विरुद्ध चार ऐसा सामना अधूनमधून होई. यात आडवे पाडणे मना, कारण म्हाताऱ्यांची हाडे. कायदा इतकाच की चेंडू हाती असता गनिमाचा हात अंगास लागला तर चेंडू गनिमाचा, आणि जो आधी तीन ट्राय करील तो जिंकला. सामन्यानंतर जिंकणाराने हरणारास जेवू वाढावे, हा रघुपतीरावांनी घातलेला पायंडा. म्हाताऱ्यांनी बहुत दिवस कोणास वाढले नव्हते.

त्या शनिवारी दुपारी गुंडोंच्या दुकानामागील खाणावळीत चौघे पुरी-सागू, म्हणजे पुरी आणि भाज्यांचा रस्सा, खात बसले होते आणि समोर कार्तिक.

"काका, लास्ट टाइम पण आम्हीच. त्याच्या आधी पण आम्हीच. पुढच्या वेळी बदली खेळाडू म्हणून ॲम्ब्युलन्स आणा."

देवाप्पा म्हणाले, "गप बस की रे. तुझ्या अप्पाला धावायला आम्ही शिकिवलो."

"मला कुणी शिकवलं नाही," जितेंद्रराव म्हणाले. "मी जन्मतःच फास्ट."

"फास्ट होतास खरं," गुंडो म्हणाले. "चेंडू हातात यायच्या आधीच पुढं जात होतास."

कार्तिक हसला. "मग लावा काहीतरी."

रघुपतीरावांच्या बोटांस सागू लागला होता. ते ताटातून मान वर न काढता म्हणाले, "टोपी लावतो."

पुऱ्या हातातल्या हातात राहिल्या. कार्तिक म्हणाला, "काका, ती नको. बिर्याणी लावा."

"टोपी. हरलो तर घेऊन जा. शनिवार तू ठरव."

येथे या घराण्याचा एक दस्तूर सांगितला पाहिजे. जेवता जेवता, हात उष्टा असता दिलेला शब्द मोडता येत नाही. धुतल्या हाताने माणूस काहीही बोलतो. उष्ट्या हाताने अन्न साक्षीस असते. मूळ पुरुष साडेतीनशे वर्षांमागे मराठी लष्करासंगे दक्षिणेत आले, एका मुक्कामी भाकरी मोडता मोडता घोडा शर्तीस लाविला, हरले, आणि उरला मुलूख पायी तुडवीत बेंगळुरास पोचले. तेथे दमून बसले ते आजवर बसले आहेत. घराण्याच्या दक्षिणदेशी वस्तीचे दुसरे कोणतेही कारण सापडत नाही.

संध्याकाळी रघुपतीराव घरी आले. उंबरठ्यावरून पुकार जाहली, "निवे, आहेस का गं?" टिचक्या जाहल्या. "आहे म्हणे." मग त्यांनी अनुसूयाबाईंस वर्तमान सांगितले. अनुसूयाबाई म्हणाल्या, "टोपीच लावली ना? आत डोकं नव्हतं तेच बरं." मग जेवणे जाहली आणि सर्व निजले.

दुसरे दिवशी पहाटे रघुपतीराव उठले नाहीत. निजेतच हृदय थांबले ऐसे डॉक्टरांनी सांगितले. या कलमावर अधिक लिहिण्यास लिहिणारीस परवानगी नाही.

तेरावा होऊन गेल्यावर कार्तिक आईवडिलांसह घरी आला. देवाप्पा व गुंडो अगोदरच येऊन बसले होते आणि गुंडो सर्वांचे चष्मे घेऊन पुसत होते. कार्तिक गालिच्याकडे पाहत म्हणाला, "काकू, ते शर्तीचं प्लीज विसरून जा. मी सीरियसली घेतलंच नव्हतं."

 अनुसूयाबाईंनी देवाप्पांकडे पाहून पुसले, "हात उष्टा होता?"

देवाप्पांनी खोटे बोलावे ऐसा विचार क्षणभर केला, तो सर्वांस त्यांच्या तोंडावर दिसला. मग म्हणाले, "होता, अक्का. सागू लागला होता."

"सरी, ठीक. मग खेळा."

कार्तिकाने पुन्हा रदबदली केली, जितेंद्ररावांनी केली, परंतु अनुसूयाबाईंचा हुकूम फिरला नाही. तो हुकूम ऐसा: सामना ठरल्याप्रमाणे व्हावा, मारतहळ्ळीकरांनी दया करून हरू नये, तसे आढळल्यास टोपी गटारात टाकण्यात येईल, आणि कोणीही त्यांच्यासमोर रडके तोंड करून खेळू नये.

मग प्रश्न पडला की चौथा कोण. जितेंद्ररावांनी क्लबातला एखादा तरणा घ्यावा ऐसे सुचविले. गुंडो म्हणाले, "आणि त्याला आमची खोड कोण शिकवणार? देवाप्पा डावीकडं बघतो तेव्हा उजवीकडं देतो. जितू दमला की कुणालाही देतो. ते रघूला ठाऊक होतं."

देवाप्पा म्हणाले, "निवे येईल. इतकी वर्षं रघूच्या मागं तीच तर होती."

सर्वांनी कन्येकडे पाहिले. कन्या खिडकीशी होती. तिने खुर्चीच्या हातावर दोन टिचक्या मारिल्या. देवाप्पांनी त्यास रुकार समजून पाठीवर थाप मारिली, त्या थापेने तिचे पुस्तक खाली पडले आणि पानाची खूण हरवली.

मग ठरल्या शनिवारी फौज कूच जाहली. देवाप्पांच्या जुन्या व्हॅनमध्ये स्वतः देवाप्पा, म्हणून उरलेल्या जागेत बाकी सर्व. कन्येच्या अंगी रघुपतीरावांची विटकी दोन नंबरची जर्सी, गुडघ्यापर्यंत. अनुसूयाबाईंजवळ रसद, पुरी, सागू, चित्रान्न आणि ताकाची बरणी, आणि मांडीवर लोटा आणि लोट्यावर टोपी. हेब्बाळच्या पुलावर फौज ऐसी अडकली की पुढे हलेना, मागे हलेना. तेथे गुंडोंनी खिडकीतून शेजारच्या गाडीवाल्यास सर्व शर्तीची हकीकत सांगितली, त्याने त्याच्या मुलांस सांगितली, आणि पूल सुटला तेव्हा त्या गाडीतील मंडळींनी हात हलवून "ऑल द बेस्ट, तात्ता" म्हटले. देवाप्पा आजोबा म्हटल्याने हेब्बाळपासून पुढे रागावून होते. तो राग पुढे कामास आला.

रणभूमी देवनहळ्ळीच्या बाहेर. देवाप्पांच्या चुलतभावाचे नाचणीचे शेत, हल्ली लेआउट जाहलेले, म्हणजे नाचणी गेली आणि साइटींचे, म्हणजे प्लॉटांच्या हद्दीचे, पांढरे दगड आले, घरे अद्याप नाहीत. दगडांची एक रांग आमची हद्द आणि समोरची रांग त्यांची. वरून विमाने ऐसी खाली उतरत की चाके मोजावी. मारतहळ्ळीकर अगोदरच हजर. कार्तिक, त्याच्या फौजेतील सर्वांत वेगवान सौम्या, आणि आणखी दोघे, चौघेही पिवळ्या कपड्यांत. अनुसूयाबाईंनी घडीची खुर्ची मध्यरेषेवर मांडिली, छत्री उघडिली, टोपी मांडीवर घेतली, आणि लढाईस तोंड लागले.

प्रथम सौम्याने चेंडू घेतला आणि कोणास कळण्याच्या आत ट्राय जाहला. देवाप्पा अजून मागे वळत होते. मग कार्तिकाने दुसरा केला. म्हाताऱ्यांचा सूर्य मावळला ऐसे वाटत असता दैवाने हात दिला. गनिमाच्या चौघांपैकी एकाचा फोन वाजला, कचेरीत काही यंत्र बंद पडले होते आणि त्या आठवड्याची पहाऱ्याची पाळी त्याची होती. तो गडी गाडीच्या टपावर लॅपटॉप उघडून "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत उभा राहिला, आणि त्या मिनिटात गुंडो त्याच्या मोकळ्या जागेतून चालत गेले, धावलेही नाहीत, आणि चेंडू टेकवून आले. कार्तिकाने हरकत घेतली. अनुसूयाबाईंनी निवाडा दिला की खेळात कचेरी आणू नये.

मग जितेंद्रराव चेंडू घेऊन कडेने सुटले. पूर्वीचा वारा काही त्यांत शिल्लक होता. परंतु कार्तिक पाठीशी आला, हात लावणार, इतक्यात जितेंद्रराव धापा टाकीत म्हणाले, "कार्तिक, आईला फोन केलास का रे, पोचलो म्हणून?" कार्तिक कचकन थांबला, खिसे चाचपले, आणि तेवढ्यात पित्याने ट्राय केला. "बाबा, धिस इज चीटिंग," कार्तिक म्हणाला. जितेंद्रराव दगडावर बसून म्हणाले, "चीटिंग नाही. अजून केला नाहीयेस ना?" कार्तिकाने खरोखरच नव्हता केला. त्याने तेथूनच केला.

दोहों बाजूंस दोन दोन जाहले. आता एकच ट्राय, आणि टोपी.

येथवर कन्येचे नाव आले नाही, कारण तिने काही केले नव्हते. ती मात्र दर वेळी ठरल्या जागी, धावणाऱ्याच्या मागे, स्वल्प उजवीकडे, दोन्ही हात पुढे करून पोचत होती. जैसी घरी, तैसी. आता देवाप्पा चेंडू घेऊन सुटले. आजोबा म्हटल्याचा राग पोटात, आणि सबंध देह दगडांच्या रांगेवर चालून निघाला. दोघे पिवळे आडवे आले. कन्या मागे होतीच, हात पसरून, मोकळी. देवाप्पा मागे पाहणार नाहीत, तो कायदा. त्यांनी कान दिला. काही ऐकू आले नाही. त्यांनी आणखी एक पाऊल कान दिला. सौम्याचा हात लागला आणि चेंडू गेला.

सौम्या त्याच पावली उलटी फिरून धावली. आमच्या हद्दीत एकटे गुंडो, चष्म्याविना. समोर पिवळे काही दिसले, त्यास त्यांनी हात लाविला, आणि ते पिवळे सौम्याच निघाली. टोपी वाचली. गुंडोंनी मागाहून सांगितले की त्यांनी तिचा डाव ओळखिला होता. तो दावा येथे नोंदून ठेविला आहे.

देवाप्पा कमरेवर हात ठेवून कन्येसमोर उभे राहिले. धाप लागलेली, घाम टपकत होता. "होतीस तू मागं?"

कन्येने मान डोलविली.

"मला काय ठाऊक? मला डोळे मागं नाहीत, निवे. इथं काय टिचक्या मारणार तू?"

गुंडो म्हणाले, "ओरड की गं. शिवी दे हवं तर, आम्ही ऐकलो नाही म्हणतो."

मध्यरेषेवर अनुसूयाबाईंनी छत्री मिटली. उन्हाचा कडाका असता का मिटली ते कोणी पुसले नाही.

मग चेंडू आमचा जाहला. गुंडोंनी तो देवाप्पांस दिला आणि देवाप्पा पुन्हा निघाले, या खेपेस सावकाश, पाय ओढीत, कारण आता अंगात राग उरला नव्हता. जितेंद्रराव दगडावरून उठलेच नाहीत, बसल्या जागेवरून हात हलवीत राहिले. दगडांची रांग जवळ आली. कार्तिक डावीकडून आला, सौम्या समोरून. वरून एक विमान घरघरत उतरू लागले. देवाप्पांनी मान पुढे ठेविली आणि चेंडू दोन्ही हातांत घेऊन मागे नेला, आणि तसाच धरिला, कोणास द्यावा ते न कळून.

कन्येने तोंड उघडिले. पहिल्याने नुसता वारा निघाला. मग आवाज निघाला, आणि तो तिचा तिलाच ओळखू आला नाही, इतका मोठा होता.

"आहे."

देवाप्पांनी पाहिले नाही. चेंडू मागे आला, घरच्यासारखा, छातीच्या स्वल्प उजवीकडे. कन्येने तो घेतला आणि दगडांच्या मधून गेली आणि चेंडूसकट मातीत पडली. कार्तिकाचा हात तिच्या पाठीवरच्या दोनच्या आकड्यास लागला, परंतु लागला तेव्हा चेंडू भूमीस टेकला होता. तंटा करावयास वाव होता. कार्तिक वाकून उभा राहिला, धापा टाकीत, आणि आपण होऊन म्हणाला, "लेट झालो. ट्राय आहे."

देवाप्पा दगडांकडे पाठ करून उभे होते. त्यांनी गुंडोंस म्हटले, "ऐकलास? विमानापेक्षा मोठं." गुंडोंनी चष्मा घातला आणि मग काढून पुसला.

येणेप्रमाणे शनिवारी, भर दुपारी, देवनहळ्ळीच्या माळावर साइटीच्या दगडांत, राष्ट्रीय रग्बी संघाचे तीन माजी शिलेदार व एक कन्या यांनी मारतहळ्ळीच्या जवान फौजेस तीन विरुद्ध दोन ट्रायने शिकस्त दिली. उष्ट्या हाताचा शब्द पाळिला गेला. टोपी घरची घरी राहिली. गनिमाचा एक गडी शेवटपर्यंत गाडीच्या टपाशी होता, त्याच्या कचेरीचे यंत्रही त्याच सुमारास सुरू जाहले, सबब त्या दिवशी कोणीच सर्वस्वी हरले नाही. हत्ती कोठेही नव्हता.

मग पायंड्याप्रमाणे जिंकणारांनी वाढले. बहुत दिवसांनी वाढत असल्याने त्यांस वाढणे नीटसे येईना. देवाप्पांनी सौम्याच्या पानात सागूचे सबंध पातेले रिते केले. जितेंद्ररावांनी पुत्रास पुरीवर पुरी वाढली आणि दर पुरीस "हरलास ना, खा," म्हटले. कार्तिक म्हणाला, "बाबा, पुरे." जितेंद्रराव म्हणाले, "इतक्या वर्षांच्या आहेत." जेवण उरकल्यावर कार्तिकाने हात धुतले, आधी हात धुतले आणि मगच टोपी उचलिली, दोन्ही हातांनी, आणि कन्येपुढे धरिली. कन्या लोटा शोधू लागली. लोट्यातून गुंडो ताक पीत होते.

"डोक्यावर घाल," अनुसूयाबाई म्हणाल्या. "हातात चेपेल."

सबब कन्या टोपी घालून हेब्बाळचा पूल उतरली, गोंडा कानाशी हलत.

शिवाजीनगरास पोचेतो उन्हे कलली होती. अनुसूयाबाई फाटकाशी देवाप्पांकडून रिकामी पातेली उतरून घेत होत्या. कन्या पुढे आली. तिने कुलूप काढिले आणि उंबरठ्यावर बसून मातीने भरलेले बूट काढू लागली. बगलेत चेंडू होता. आत खिडकीशी खुर्ची होती आणि खुर्चीवर पुस्तक, खूण हरवलेले. घरातून कोणी काही पुसले नाही, आणि बाहेरून पुसणारा जेथे बसून बूट काढी, तेथे आज तीच बसली होती. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ सुटेना. ती तशीच एक बूट पायात घेऊन उभी राहिली, टोपी काढून हाती घेतली, आणि फाटकाशी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "आहे, अण्णा. मी आहे."